गुडघ्याच्या ऑपरेशनला मिरजेला जाताय? पायातल्या गुठळीची तयारी घरातूनच करा

ऑपरेशनची तारीख मिळाली की डबा कोण नेणार, रात्री कोण थांबणार, पैसे कसे जमवायचे यावरच घरात चर्चा चालते, पायाच्या नसेत होणाऱ्या रक्ताच्या गुठळीचं नाव कुणी काढत नाही. मामांच्या वेळी आम्हीपण काढलं नव्हतं. जतला घरी आणल्यावर नवव्या दिवशी पोटरी सुजली, मामी बिचारी दोन दिवस कोमट तेल लावून चोळत होती, मग मिरजेत डॉपलर (नसांची सोनोग्राफी) केलं तर खोल नसेत गुठळी. अशी पोटरी अजिबात चोळायची नाही, गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. आता आईचं ऑपरेशन आहे म्हणून हे सगळं लिहून काढलंय.

आधी फाईल. आधी कधी गुठळी झालीय का, आईवडील किंवा भावंडांत कुणाला झालीय का, कॅन्सर, व्हेरिकोज (पायाच्या फुगलेल्या नसा), वजन, हार्मोनच्या गोळ्या, सगळं एका कागदावर लिहा आणि विचारायची वाट न बघता डॉक्टरांना द्या. कॅप्रिनी स्कोअर म्हणून गुठळीच्या धोक्याची मोजणी असते त्यात हेच मोजतात. आमच्या आईचं वय 68 म्हणून 2, गुडघा बदलायचा म्हणून 5, व्हेरिकोजचा 1, म्हणजे तिथंच 8 झाले, आणि 5 किंवा त्याच्या पुढं धोका जास्तच धरतात. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती कधी बंद करायची ते डॉक्टरच सांगणार, शेजारच्यांचं ऐकून बंद करू नका. किडनीचा रिपोर्ट, म्हणजे क्रिएटिनिन, सोबत ठेवाच कारण गुठळी होऊ नये म्हणून देतात त्या इंजेक्शनचा डोस त्यावर बदलतो.

बॅगेत शिंप्याची टेप टाका. ऑपरेशनच्या आधीच दोन्ही पोटऱ्यांचं माप घेऊन फाईलवर लिहा. ऑपरेशनचा पाय थोडा सुजतोच, पण आधीचं माप असलं की सूज वाढतीय का ते कळतं, नाहीतर नुसता अंदाज.

गुठळी होऊ नये म्हणून घालायचे घट्ट मोजे डॉक्टरांनी सांगितले तरच, आणि पायाचं माप घेऊनच. सांगलीच्या उन्हाळ्यात पेशंट वैतागतं आणि मोजा गुंडाळून गुडघ्याखाली आणून ठेवतं, तिथं तो दोरीसारखा आवळतो, त्यापेक्षा नसलेला बरा. पाय दाबून रक्त फिरतं ठेवणारा हवेचा पंप लावला असेल तर बाथरूमहून आल्यावर परत चालू केला का बघा, हे काम रात्री थांबणाऱ्याचं.

गुठळीचं ते इंजेक्शन पोटात देतात, तिथं निळं पडतं, घाबरू नका. पण काळी शी, लघवीत रक्त किंवा जखमेतून जास्त रक्त दिसलं तर लगेच सांगा. डॉक्टरांनी परवानगी दिली की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उभं करतात, तेव्हा "राहू दे, दुखतंय तिला" असं म्हणून आपणच आडवं यायचं नाही. पडल्या पडल्या पावलं वरखाली करायला लावा, पाणी द्या.

डिस्चार्जला एकच नक्की विचारा, इंजेक्शन किंवा गोळी किती दिवस. गुडघ्याला निदान 10 ते 14 दिवस, कधी 35 दिवसांपर्यंत देतात, आणि घरी आल्यावर बरं वाटतंय म्हणून मधेच सोडणारे लई जण आहेत. तेवढी औषधं मिरजेतूनच घेऊन निघा. जतकडं येताना कवठेमहांकाळला गाडी थांबवून आईला चार पावलं चालवा. आणि अचानक दम लागला, छातीत दुखलं, खोकल्यातून रक्त आलं, तर रात्रीचे दोन का वाजलेले असेनात, 108 लावा.