सूत्र नंतर, आधी घाटातली गाडी काढा

रविवारी गंगापूर रोडच्या क्लासमधली अकरावी-बारावीची चार पोरं माझ्याकडे फिजिक्सची गणितं घेऊन बसतात, सूत्रं सगळ्यांना तोंडपाठ, तरी गणित अडतं, कारण पेन कागदाला टेकलं की पहिलं सूत्रच उतरतं, आकृती नाही. म्हणून मी आधी कसारा घाट काढायला लावतो.

मुंबईहून येताना कसाऱ्याला बऱ्याच गाड्यांना मागून बँकर इंजिनं (चढावर ढकलणारी जादा इंजिनं) लागतात आणि इगतपुरीला सुटतात, हे आपण लहानपणापासून बघतोय. चढ 37 ला 1, म्हणजे 37 मीटर गेलं की 1 मीटर वर. आता समजा इंजिनांसकट गाडी 1000 टनाची, वेग एकसारखा ताशी 36 किमी, घर्षण धरायचं नाही. सगळ्या इंजिनांनी मिळून किती जोर लावायचा?

आधी गणित कोणाचं करतोय ते ठरवा. अख्ख्या गाडीभोवती पेन्सिलने गोल मारा, मग कपलिंगमधले फोर्स गोलाच्या आत गेले, ते एकमेकांना कापतात, त्यांना हात लावायचा नाही. एखाद्या कपलिंगवरचा ताण विचारला असेल तरच गाडी तिथे तोडून मागचा भाग वेगळा काढायचा. आता बाहेरून कोण कोण लावतंय? वजन सरळ खाली, रुळाचा नॉर्मल (रूळ गाडीला उचलून धरतो तो फोर्स) रुळाशी काटकोनात, आणि चढाकडे जाणारा रेटा (इंजिनाचा जोर म्हणतो तो खरं तर रूळ चाकांना पुढे ढकलतो तो). बस, तीनच बाण. इथे हमखास कोणीतरी चौथा बाण काढतं, "वेगाचा". वेग म्हणजे फोर्स नाही हो! आणि वेग बदलत नाहीये म्हणजे एकूण फोर्स शून्य, चढ असला तरी शून्यच, हे मी दर रविवारी सांगतो कारण इथेच सगळ्यात जास्त मार्क जातात.

अक्ष रुळाच्या दिशेने घ्या. वजनाचा मागे ओढणारा भाग एमजी साइन थीटा की कॉस थीटा (एम म्हणजे वस्तुमान, जी म्हणजे 9.8, थीटा चढाचा कोन)? पाठ करू नका, कोन शून्य करून बघा, गाडी मनातल्या मनात नाशिकरोडच्या सपाट फलाटाला उभी करा, कॉस घेतलात तर ती तिथेही मागे घसरायला लागेल. म्हणजे साइन, आणि 37 ला 1 चढ म्हणून तो 1/37. आकडे अगदी शेवटी घाला: 10 लाख किलो गुणिले 9.8 भागिले 37, साधारण 2.65 लाख न्यूटन. वेग सेकंदाला 10 मीटर, म्हणून पॉवर 2.65 मेगावॅट.

इलेक्ट्रोमॅग्नेटिझमलाही हीच गाडी चालते. इगतपुरीच्या पुढे सपाटीवर ताशी 108 किमी, रुळांमधलं अंतर 1.676 मीटर, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा उभा भाग 0.00002 टेस्ला धरा. उभाच का, तर दोन चाकांना जोडणाऱ्या आडव्या ॲक्सलच्या दोन टोकांमधला ईएमएफ (क्षेत्रातून धावताना तयार होणारा व्होल्टेज) तोच देतो. दिशेसाठी उजवा हात घ्या, बोटं गाडीच्या दिशेने, आपल्याकडे उभं क्षेत्र खाली जातं म्हणून ती खाली वळवा, अंगठा डावीकडे जातो, म्हणजे डावं टोक पॉझिटिव्ह. तिन्ही आकडे गुणले की उत्तर 1 मिलिव्होल्टच्या आसपास.

गेल्या रविवारी एकीचं 3.6 मिलिव्होल्ट आलं. मी चूक दाखवली नाही, प्रत्येक आकड्याशेजारी युनिट लिही एवढंच म्हटलं, आणि 108 च्या पुढे किमी लिहिता लिहिता तिनेच ते खोडून सेकंदाला 30 मीटर केलं.