सिनेगॉगमध्ये पहिल्यांदा प्रार्थनेला जाताय? या चुका टाळा

अलिबागच्या इस्रायल आळीत, ठाण्यात, पनवेलला, पुण्याच्या रास्ता पेठेत, मुंबईत मांडवी-भायखळ्याला सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळं, आहेत आणि तिथे आजही प्रार्थना होते. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातला शेजारी, वर्गमित्र किंवा ऑफिसातला सहकारी कधीतरी म्हणतो, "ये की एकदा शब्बाथला." शब्बाथ म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा आणि प्रार्थनेचा दिवस. आपण हो म्हणतो आणि मग देवळात जायच्या तयारीनेच निघतो. घोटाळा तिथेच होतो. सिनेगॉगमध्ये पाहुण्यांच्या हातून होणाऱ्या बहुतेक चुका उद्धटपणामुळे होत नाहीत. देवाच्या दारी गेल्यावर जे करायची आपल्या हातांना सवय असते, ते हात तिथेही करायला जातात.

न कळवता जाणे

देऊळ उघडं दिसलं की आत शिरायचं, हे इथे चालत नाही. २००८ मध्ये मुंबईत नरिमन हाऊस या ज्यू केंद्रावर हल्ला झाला, तेव्हापासून शहरातल्या सिनेगॉगांबाहेर पोलीस असतात आणि अनोळखी माणसाची चौकशी होते. आधी फोन करून किंवा ओळखीच्या कुटुंबामार्फत कळवा, फोटो असलेलं ओळखपत्र जवळ ठेवा, मोठी सॅक घरीच राहू द्या. दारावर "आज नाही" म्हणाले तर हुज्जत घालू नका. तो तुमचा अपमान नसतो.

पत्ता विचारतानाही थोडी तयारी असलेली बरी. पुण्यात 'ओहेल डेव्हिड' म्हटल्यावर रिक्षावाला तुमच्याकडे बघत राहील, पण 'लाल देऊळ' म्हटलं की गाडी सुरू करील. मुंबईतलं सगळ्यात जुनं 'शाआर हारहामिम' १७९६ चं, सामाजी हसाजी दिवेकरांनी बांधलेलं. ते मशीद बंदर स्टेशनच्या जवळ आहे, आणि स्टेशनाच्या नावातली 'मशीद' म्हणजे हे सिनेगॉगच, असं सांगतात.

चुकीचा दिवस निवडणे

"मोठ्या सणालाच जाऊ, सगळं बघायला मिळेल" हा विचार सोडून द्या. योम किप्पूर म्हणजे पंचवीस तासांचा कडक उपास आणि जवळपास दिवसभराची प्रार्थना. कोकणातले बेने इस्रायली याला 'दारफळणीचा सण' म्हणत. दारं लावून घ्यायची, पांढरे कपडे घालायचे आणि त्या दिवशी बाहेरच्यांशी संबंध ठेवायचा नाही, अशी जुनी रीत होती. नेमक्या त्याच दिवशी कुतूहल म्हणून जाऊन उभं राहणं बरं दिसत नाही. रोश हशाना, म्हणजे 'नव्याचा सण', त्यालाही गर्दी असते, जागा ठरलेल्या असतात.

पहिल्या वेळेला शुक्रवारची संध्याकाळ उत्तम. प्रार्थना साधारण तासाभरात आटोपते, गाणी जास्त असतात आणि लोकही निवांत असतात. शनिवारी सकाळी तोरावाचन, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथाचं वाचन असतं, ते पाहण्यासारखं आहे, पण दोन-तीन तास बसायची तयारी हवी. वेळ मात्र दर वेळी नव्याने विचारा. शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होतो, आणि मुंबईचा सूर्यास्त डिसेंबरात सहाच्या आसपास, तर जूनच्या शेवटी सव्वासात उलटून जातो. गेल्या वर्षीच्या वेळेवर विसंबून गेलात तर रिकाम्या बाकांना भेटून याल.

हार, नारळ, पेढे घेऊन जाणे

रिकाम्या हाताने जायचं नाही, हे आपल्या अंगात मुरलेलं आहे. इथे रिकाम्या हातानेच जा. हार-फुलं वाहायला आत मूर्ती नाही, उदबत्ती लावायला जागा नाही. घरी केलेला पदार्थ तर मुळीच नको. खाण्यापिण्याचे त्यांचे नियम काटेकोर असतात. डुक्कर आणि शिंपल्या-कोळंबी वर्ज्य, मासा खवले आणि पर असलेलाच, आणि दूध-मांस एका जेवणात एकत्र येत नाही. प्रार्थनेनंतर मटणाचं जेवण असेल आणि तुम्ही प्रेमाने पेढ्यांचा डबा पुढे केलात, तर यजमानाची पंचाईत होते. त्याला नाही म्हणवत नाही आणि घेताही येत नाही.

पैशांचंही तसंच. शब्बाथला पैशांना हात लावत नाहीत, त्यामुळे पेटीत शंभराची नोट टाकायला जाऊ नका. देणगी द्यायचीच असेल तर रविवारनंतर द्या.

डोकं उघडं, हात मोकळे

पुरुषांनी डोकं झाकायचं. दाराशी टोप्या ठेवलेल्या असतात. त्यांना किप्पा म्हणतात. गांधीटोपी, क्रिकेटची टोपी, इतकंच काय चार टोकांना गाठी मारलेला रुमालही चालतो. बायकांनी खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे घालावेत. साडी, पंजाबी ड्रेस उत्तम. लग्न झालेल्या बायका ओढणी किंवा पदर डोक्यावर घेतात.

खांद्यावरची झालरवाली शाल, म्हणजे तल्लीत, मात्र पाहुण्याने घ्यायची नाही. ती टोप्यांशेजारीच टांगलेली असते, त्यामुळे हौसेने उचलली जाते. टोपी हा आदर आहे. तल्लीत ही ज्यू माणसाची धार्मिक जबाबदारी आहे, आणि तिच्या झालरीचा एकेक धागा आज्ञांची आठवण म्हणून असतो.

दाराच्या चौकटीवर तिरकी, लहानशी डबी दिसेल. ती मेझुझा. आत येणारे तिला बोटं लावून ओठांना लावतात. आपण उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावतो, तसंच वाटतं आणि हात आपोआप पुढे जातो. नाही लावला तरी काही बिघडत नाही. चपलांचं काय, तर दाराशी बघा आणि इतर लोक करतात तसं करा. कोचीच्या १५६८ च्या 'परदेशी' नावाच्या सिनेगॉगमध्ये चपला काढाव्या लागतात. सगळीकडे तसा नियम नाही.

कुठे बसायचं

बेने इस्रायलांची बहुतेक सिनेगॉग पारंपरिक पद्धतीची आहेत. पुरुष खाली, बायका वरच्या सज्जात किंवा वेगळ्या भागात. जोडप्याने जाणार असाल तर घरूनच ठरवा की बाहेर कुठे भेटायचं. आत इकडून तिकडे खुणा करत बसू नका. मुंबईतलं 'रोदेफ शालोम' याला अपवाद. डॉ. जेरुशा झिराड यांच्या पुढाकाराने १९२५ मध्ये सुरू झालेल्या सुधारक मंडळींचं ते सिनेगॉग आहे आणि तिथे स्त्री-पुरुष एकत्र बसतात.

मागच्या बाजूला बसा. यात संकोच नाही, सोय आहे. कधी उठायचं, कधी बसायचं हे पुढच्यांकडे बघून कळतं. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: एखादी कोरीवकाम केलेली, गादी घातलेली, रिकामी खुर्ची दिसली तर तीवर बसू नका. ती एलियाहू हन्नाबीची, म्हणजे प्रेषित एलियाहूची खुर्ची असू शकते. मुलाच्या सुंतेच्या वेळी ती वापरतात. सभागृहातली सगळ्यात चांगली खुर्ची नेहमी मोकळी कशी, याचा पाहुण्याला आनंद होतो आणि बाकीच्यांच्या माना वळतात.

'दर्शन' घ्यायला पुढे जाणे

आत गेल्यावर आपली नजर गाभारा शोधते. पश्चिमेच्या भिंतीशी पडद्याआड एक कपाट असतं, ते हेखाल. पश्चिमेलाच का, तर भारतातून जेरुसलेम त्या दिशेला येतं. त्याच्यासमोर दिवा तेवत असतो. हेखालात तोराच्या हस्तलिखित गुंडाळ्या असतात, इकडे बऱ्याचदा उभ्या लाकडी किंवा चांदीच्या पेटीत ठेवलेल्या. सभागृहाच्या मध्यावर कठडा असलेला चौथरा असतो, तो तेबा. वाचन तिथून होतं.

हेखाल उघडलं की सगळे उभे राहतात, तुम्हीही राहा. तोरा हातात घेऊन फिरवतात तेव्हा लोक पुढे होऊन झालरीने किंवा हाताने तिच्या आवरणाला स्पर्श करतात आणि तो ओठांना लावतात. पालखीला हात लावायची सवय असलेल्या माणसाला इथे स्वतःला आवरणं अवघड जातं. जागेवर उभं राहायचं, वाट द्यायची, एवढंच. आतल्या चर्मपत्राला तर तेही बोट लावत नाहीत. वाचताना ओळीवर फिरवायला टोकाशी छोटा हात असलेली चांदीची काडी असते.

साष्टांग, प्रदक्षिणा, तेब्याच्या पायरीला डोकं टेकवणं, यातलं काही करू नका. तुमचा भाव खरा असेल, पण त्यांच्यासाठी मूर्तिपूजेच्या जवळ जाणारी प्रत्येक कृती हा नाजूक विषय आहे.

प्रार्थनेच्या मध्येच

हिब्रू पुस्तक उजवीकडून उघडतं, हे ठाऊक असलं की अर्धा गोंधळ कमी होतो. मराठी भाषांतर असलेली प्रत आहे का, ते विचारून बघा. जोसेफ इझेकिएल राजपूरकरांसारख्यांनी एकोणिसाव्या शतकात हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या आहेत. पान सापडलं नाही तर नुसतं ऐका. पुस्तक जमिनीवर किंवा बाकावर पालथं ठेवू नका. पडलंच तर उचलून घ्या. ते लोक अशा वेळी पुस्तकाचं चुंबन घेतात.

एक टप्पा असा येतो की सगळे पाय जुळवून उभे राहतात आणि पुटपुटत स्वतःशीच प्रार्थना करतात. ती अमीदा. त्या वेळी कुणाच्या समोरून जाऊ नका, बाहेर जायला उठू नका, शेजाऱ्याला "आता काय चाललंय?" विचारू नका. तो उत्तर देणार नाही आणि तुम्हाला वाटेल रागावला. बाकीच्या वेळी मात्र प्रार्थनेचा सूर एकसारखा नसतो. कुणी पुढे वाचतं, कुणी मागे राहतं, मुलं फिरतात, कुणी हलकेच शेजाऱ्याची विचारपूस करतं. एवढी मोकळीक बघून आपणही गप्पा सुरू कराव्यात, असं मात्र नाही.

मोबाइल बंदच ठेवा. शब्बाथला फोटो नाही, रेकॉर्डिंग नाही, वहीत टिपणंही नाहीत. लिहिणं हेही त्या दिवशी वर्ज्य काम आहे. फोर्टमधलं १८८४ चं निळं 'केनेसेथ एलियाहू' देखणं आहे हे खरं, पण फोटो काढायला आठवड्यातला दुसरा दिवस बघा आणि परवानगी विचारा. यातली सगळ्यात गमतीशीर चूक मदतीची असते. उकडतंय, पंखा बंद आहे, म्हणून पाहुणा उठून बटण दाबतो. शब्बाथला दिवे-पंख्यांची बटणं दाबायची नसतात. व्यवस्था आधीच ठरलेली असते. घाम आला तर येऊ द्या.

"तुम्ही यहूदी आहात का?"

हा प्रश्न पुरुष पाहुण्याला हमखास येतो आणि त्यामागे खोचकपणा नसतो. सामुदायिक प्रार्थनेसाठी किमान दहा प्रौढ ज्यू पुरुष लागतात. त्याला मिनयान म्हणतात. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली, त्यामुळे कोकणातल्या अनेक सिनेगॉगांत दहावा माणूस मिळणं कठीण झालं आहे. नऊजण बसलेत, वेळ होऊन गेलीय आणि दारातून तुम्ही आत येता, तेव्हा त्यांच्या नजरेत आशा असते. "आम्ही सगळे धर्म मानतो" असं गुळमुळीत उत्तर तिथे कामाचं नाही. सरळ "नाही, मी पाहुणा" म्हणा. तोरावाचनाला वर बोलावण्याचा मान चुकून देऊ केला तरी हेच उत्तर.

नंतरच्या गप्पा

प्रार्थना संपली की "शब्बाथ शालोम" म्हणतात, तुम्हीही म्हणा. मग किद्दूश, म्हणजे द्राक्षारसावर म्हणायचा आशीर्वाद. त्याला द्राक्षारसाच्या जागी बऱ्याचदा मनुकांचं सरबत असतं. आशीर्वाद म्हणून होईपर्यंत पेला तोंडाला लावू नका. पाव मोडण्याआधी लोक हात धुऊन गप्प होतात, त्या मिनिटभरात त्यांना काही विचारू नका. मलिदा असेल तर तुमचं नशीब. गूळ-खोबरं घातलेले पोहे, खजूर, फळं, आणि त्याआधी एलियाहू हन्नाबीचं गाणं. ताटात आलेलं तिथेच खा.

इथे चुका जिभेने होतात. "तुम्ही मूळचे कुठले?" हे पेणकर, किहीमकर, दिवेकर, रोहेकर आडनावाच्या माणसाला विचारू नका, उत्तर आडनावातच आहे. "मग इस्रायलला कधी जाणार?" हा प्रश्न त्यांनी जन्मभर ऐकलेला असतो. तिथल्या युद्धाबद्दलचं तुमचं मत, ते बाजूचं असो की विरोधातलं, पहिल्या भेटीत ऐकवू नका. "भारतात तुम्हाला कधीच त्रास झाला नाही" हे ते स्वतःही अभिमानाने सांगतात. पाहुण्याने म्हटलं की ते उपकार मोजून दाखवल्यासारखं वाटतं. आणि "आमचा बॉस म्हणजे नुसता हिटलर" ही आपल्याकडची सवयीची थट्टा. ती इतकी सहज तोंडातून जाते की बोलणाऱ्याला कळतही नाही. या एका शब्दाबाबत मी कुणालाही सूट देणार नाही.

बिघडलंच काही तर

फोन वाजला: माफी मागत बसू नका, बंद करा आणि खिशात टाका. टोपी पडली: उचलून पुन्हा घाला. बाई चुकून खालच्या भागात आली: कुणी सांगेपर्यंत थांबू नका, शांतपणे वर जा. कुणाच्या ठरलेल्या जागेवर बसलात: तो माणूस समोर येऊन घुटमळतो, त्यावरून ओळखा आणि सरका. मूल रडायला लागलं: बाहेर घेऊन जा, पण अमीदा चालू असेल तर ज्या बाजूने कुणाच्या समोरून जावं लागणार नाही तिकडून. मधेच निघायची वेळ आली तर तोरा बाहेर काढलेली नसताना, हेखाल बंद असताना निघा. आणि काही समजत नसेल तर शमाशला, म्हणजे तिथली व्यवस्था बघणाऱ्या माणसाला, प्रार्थना संपल्यावर विचारा. तो मराठीतच सांगेल.