जुन्या अमेरिकन खुर्चीची बैठक उघडण्याआधी

इथे अमेरिकेत इस्टेट सेलला, म्हणजे घरातलं जुनं सामान विकायला काढतात तिथे, जुनी बिनहाताची खुर्ची, म्हणजे साइड चेअर, मिळाली की पहिल्यांदा मनात येतं ते फाटकं कापड काढून नवीन लावायचं. थोडं थांबा. मी पेन्सिल्व्हेनियात घेतलेली खुर्ची एका कारागिराकडे दिली आणि त्याने आतलं सगळं, गोणपाट, घोड्याचे केस, चुका (कापड ठोकायचे छोटे खिळे), कचऱ्यात टाकून दिलं, त्याचं मला अजून वाईट वाटतं. म्हणून हे लिहितोय.

आधी बैठक खालून हाताने ढकलून बघा. सुटून वर आली तर ती स्लिप सीट, नुसती चौकटीत बसवलेली, नाहीतर कापड थेट बाजूच्या पट्ट्यांवर ठोकलेलं असतं आणि ते काम कॉन्झर्व्हेटरलाच, म्हणजे जुन्या वस्तू जतन करणाऱ्या तज्ज्ञालाच, करू द्या. बैठक उलटी करून पटाशीने कोरलेले रोमन आकडे शोधा, ते सेटमधल्या खुर्चीचा नंबर सांगतात, समोरच्या पट्टीच्या आतही तसाच आकडा असतो आणि दोन्ही जुळले तर जोडी बहुतेक मूळचीच, नाही जुळले तर कधीतरी बैठकांची अदलाबदल झालीय.

मग आतलं लाकूड बघा. बाहेरून महोगनी किंवा अक्रोड असलं तरी बैठकीची चौकट बॉस्टनकडे बरेचदा मेपलची आणि फिलाडेल्फियाकडे यलो पाइनची असायची. फिलाडेल्फियाच्या खुर्चीत बाजूच्या पट्टीची कूस, म्हणजे सांध्यात घुसवायचं तिचं टोक, मागच्या पायातून आरपार जाऊन पाठीमागे दिसते, पण तेवढ्यावर निर्णय नको, कारण तिथे काम करून कनेक्टिकटला परतलेल्या एलिफॅलेट चेपिन या १८व्या शतकातल्या फर्निचर कारागिरानेही तसंच केलं. लाकडावर गोल करवतीचे कमानदार ओरखडे असतील तर तो भाग १९व्या शतकातला किंवा नंतरचा, बैठकीत स्प्रिंगा असतील तर ती भरही नंतरची, १७६० च्या खुर्चीत खाली नवारीसारख्या पट्ट्या, त्यावर लिननचं जाड कापड आणि मग केस किंवा गवत असतं.

आता उघडायचं. मास्क लावा, धूळ भयंकर असते. प्रत्येक थराचा फोटो काढा. चुका लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच उचला, आडव्या उचलल्या तर लाकूड चिरतं, आणि प्रत्येक चुकेच्या डोक्याखाली बघा, लाल, हिरवा, निळा लोकरीचा एखादा धागा अडकलेला असतो. पहिलं कापड कसलं होतं याचा तेवढाच पुरावा उरलेला असू शकतो, तो वेगळ्या पाकिटात ठेवा.

नवीन कापड जुन्या चौकटीवर ठोकूच नका, दरवेळी नवी भोकं पडून लाकडाचा भुगा होतो. त्याच मापाची साधी पॉप्लरच्या लाकडाची चौकट करून घ्या, कापडाच्या जाडीसाठी चारी बाजूंनी दोन-तीन मिलिमीटर सोडा, नाहीतर घट्ट बैठक आतून दाब देऊन खुर्चीचे सांधे उघडते. जुनी चौकट धुतलेल्या सुती चादरीत गुंडाळा, प्लॅस्टिकमध्ये नको, आणि वर तोच रोमन आकडा लिहून चिठ्ठी बांधा.