पेट स्कॅनला निघण्याआधी

पेट स्कॅनची, म्हणजे अंगात कॅन्सरची गाठ कुठं आहे ते शोधणाऱ्या तपासणीची, तारीख मिळाली की हातात एक कागद येतो: ६ तास उपाशी या, श्रम करू नका. का, ते कागदावर नसतं. मग गेवराईहून पहाटेच्या एसटीनं संभाजीनगरला निघालेलं माणूस स्टँडवर अर्धा कप चहा घेतंच. म्हणून ही तयारी कारणासकट.

आधी उपास. या तपासणीत शिरेतून एफडीजी नावाची किरणोत्सारी साखर देतात. साखर पेशीत आपसूक शिरत नाही. पेशीच्या पडद्यातली ग्लूट नावाची प्रथिनं ही तिची दारं. स्नायूंचं ग्लूट-४ एरवी पेशीच्या आत बारीक पिशव्यांत पडून असतं. खाल्लं, इन्सुलिन वाढलं, की त्या पिशव्या पडद्याला येऊन भिडतात आणि दार वर येतं. बऱ्याच कॅन्सर पेशींना इन्सुलिनची गरजच नाही. त्यांच्या पडद्यावर ग्लूट-१ भरमसाट, कायम उघडं. आत गेलेल्या एफडीजीला हेक्सोकायनेज नावाचं विकर फॉस्फेट चिकटवतं, पुढं ती मोडत नाही, तिथंच अडकते आणि फिल्मवर चमकते. चहा-बिस्किट झालं असेल तर दंड-मांड्याच चमकतात, गाठ फिकी पडते. तेव्हा फक्त साधं पाणी. बत्तासा, बडीशेप, खोकल्याचं गोड औषध, काही नाही. गुटखा तर नाहीच. चघळणारा जबडाही साखर ओढतो.

शुगरवाल्यांनी तारीख घेतानाच सांगावं. रक्तातली साखर २०० च्या वर गेली तर बहुतेक ठिकाणी परत पाठवतात. सकाळचं इन्सुलिन स्नायूंची दारं उघडतं, मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळीनं आतडं चमकतं. दोन्हींचं डॉक्टरांना विचारा, मनानं बंद करू नका.

आदल्या दिवशी कापूस वेचायला जाऊ नका, ऊसतोडीला तर मुळीच नाही. राबलेला स्नायू इन्सुलिनशिवायही ग्लूट-४ वर आणतो. थंडीत स्वेटर-शाल घ्या. गारठ्यात मानेजवळची तपकिरी चरबी ऊब करायला साखर खाते आणि गाठीचा भास होतो.

वेळ पाळा. एफडीजीचं हे औषध दर ११० मिनिटांनी निम्मं होतं, उशिरा येणाऱ्यासाठी ते थांबत नाही. लांबून येत असाल तर आदल्या रात्रीच पाहुण्यांकडं मुक्काम करा. इंजेक्शननंतर तासभर गप्प पडून राहायचं, मोबाईलवर बोलणंही नको, कारण स्वरयंत्राचे स्नायूही फिल्मवर उठतात.

पिशवीत बायोप्सीचा रिपोर्ट, जुन्या सीटीची सीडी, गोळ्यांची चिठ्ठी. टीबी झालेला असेल तर लपवू नका. टीबीच्या गाठीतल्या संरक्षक पेशीही साखर ओढतात आणि कॅन्सरसारख्याच दिसतात. पोटुशी किंवा अंगावर पाजणारी बाई असेल तर तिनं आधीच सांगावं.

झाल्यावर भरपूर पाणी, आणि सांगतील तितके तास नातवाला मांडीवर घ्यायचं नाही. फिल्मवर मेंदू आणि मूत्राशय लखलखीत दिसले म्हणून गावाकडं फोन करून रडारड करू नका: मेंदू सदाच साखरेवर चालतो, आणि उरलेलं औषध लघवीवाटेच जातं.