कंपायलरच्या हाती काय पडते? कमांड लाइनवर प्रीप्रोसेसरचा वापर

सी भाषेतील फाइल जीसीसी किंवा क्लँग या कंपायलरला (प्रोग्रॅमचे यंत्रभाषेत भाषांतर करणाऱ्या साधनाला) दिली की भाषांतर सुरू होण्याआधी प्रीप्रोसेसर हा त्याचा भाग तिच्यातील हॅशने (#) सुरू होणारे आदेश पाळतो. इन्क्लूडच्या जागी तो हेडर फाइलचा, म्हणजे अनेक फाइलींना लागणाऱ्या सामाईक घोषणांच्या फाइलचा, संपूर्ण मजकूर आणून ठेवतो, मॅक्रोच्या, म्हणजे एखाद्या मजकुराला दिलेल्या नावाच्या, जागी त्याची व्याख्या लिहितो आणि खोट्या ठरलेल्या अटीखालचा मजकूर गाळून टाकतो. म्हणून एखाद्या त्रुटीचा अर्थ लागत नसेल, तर कंपायलरला दोष देण्याआधी त्याच्या हाती नेमके काय पडले ते पाहावे.

पुढे दिलेल्या पर्यायांत (कमांडमध्ये ‘-’ या चिन्हाने सुरू होणाऱ्या सूचनांत) लहान आणि कॅपिटल अक्षरांचा फरक महत्त्वाचा आहे. वेगळे सांगितले नसेल तेथे पर्यायाचे अक्षर कॅपिटल समजावे.

फाइलचे नाव मेन.सी असेल, तर ‘जीसीसी -ई मेन.सी -ओ मेन.आय’ अशी कमांड द्यावी. यातील -ओ लहान अक्षरात लिहावा. -ई मुळे काम प्रीप्रोसेसरपाशीच थांबते, आणि -ओ दिला नाही तर सगळा मजकूर पडद्यावर धावत जातो. छोट्याशा प्रोग्रॅममधूनही शेकडो ओळी निघतात, पण हेडर वर जोडलेले असल्यामुळे आपला कोड बहुधा तळाशी सापडतो. हॅश, क्रमांक आणि फाइलचे नाव असलेल्या ओळी मूळ ठिकाण सांगणाऱ्या खुणा असतात. -पी दिल्यास त्या जातात; मात्र असा मजकूर पुढे कंपाइल केल्यास त्रुटींचे ओळक्रमांक मूळ फाइलशी जुळत नाहीत.

मॅक्रोतील चूक येथे लगेच दिसते. वर्ग(क) ची व्याख्या ‘क * क’ अशी केली आणि त्याला ‘२ + ३’ दिले, तर तयार होते ‘२ + ३ * २ + ३’, म्हणजे २५ ऐवजी ११. व्याख्येत प्रत्येक ‘क’ भोवती आणि पूर्ण पदावलीभोवती कंस घालणे हाच त्यावरचा उपाय आहे.

फाइलला हात न लावता मॅक्रो ठरवायचा असेल, तर -डी ला लागून त्याचे नाव लिहावे. नुसते नाव दिले की किंमत १ होते. दुसरी किंमत हवी असल्यास बरोबरचे चिन्ह देऊन ती लिहावी. किंमत अवतरणचिन्हांतील मजकूर असेल, तर संपूर्ण पर्याय एकेरी अवतरणात ठेवावा, अन्यथा शेल (कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम) दुहेरी अवतरणे स्वतःच काढून टाकतो. -यू मॅक्रो रद्द करतो, आणि हे दोन्ही पर्याय दिलेल्या क्रमानेच लागू होतात. खरा धोका स्पेलिंगमध्ये आहे: हॅश-इफच्या अटीत व्याख्या नसलेले नाव आले तर त्याची किंमत निमूटपणे शून्य धरली जाते आणि अख्खा भाग तक्रारीविना गायब होऊ शकतो. ‘-डब्ल्यूअनडेफ’ (डब्ल्यू कॅपिटल, बाकी लहान) दिल्यास अशा नावाबद्दल इशारा मिळतो. माझ्या मते हा पर्याय प्रत्येक प्रकल्पात असावा.

हेडर सापडत नसेल, तर त्याचा फोल्डर -आय ने सांगावा. दुहेरी अवतरणातील हेडर आधी त्या फाइलच्याच फोल्डरमध्ये शोधला जातो, कोनकंसातील हेडरसाठी ती पायरी नसते. त्यानंतर -आय चे फोल्डर दिलेल्या क्रमाने आणि शेवटी सिस्टिमचे फोल्डर तपासले जातात. एकाच नावाचे दोन हेडर असल्याचा संशय आला तर -एच द्यावा, म्हणजे खरोखर उघडलेल्या प्रत्येक हेडरचा मार्ग छापला जातो.

फोरट्रान या भाषेत फाइलच्या नावाचा शेवट, म्हणजे एक्स्टेन्शन, हाही निर्णायक ठरतो. तिचा जीफोरट्रान हा कंपायलर एक्स्टेन्शनमधील कॅपिटल एफ पाहून प्रीप्रोसेसर चालवतो, तर लहान एफ असल्यास चालवत नाही आणि हॅशच्या ओळी जशाच्या तशा कंपायलरपुढे येतात. नाव बदलणे शक्य नसेल तर लहान अक्षरांतील ‘-सीपीपी’ हा पर्याय द्यावा.