पेशंटचं दुखणं आणि आपली कंबर, दोन्ही कसं सांभाळायचं (सर्जिकल वॉर्डच्या सिस्टर-ब्रदर्ससाठी)

ऑपरेशन झालेल्या पेशंटला कुशीवर वळवायला गेलं की तो दुखेल या भीतीने अंग कडक करतो, मग सगळं वजन आपल्या कंबरेवर येतं आणि ड्युटी संपेपर्यंत आपणच पेशंट होतो. म्हणून पेन रिलीफ आणि स्टाफची तब्येत हे दोन वेगळे विषय धरूच नका.

सुरुवात विचारण्यापासून. "दुखतंय का?" विचारलं तर आजी "नाही गं बाई, चालायचंच" म्हणणार, आणि त्याच वेळी मूठ बेडच्या कठड्यावर घट्ट आवळलेली असणार. त्यापेक्षा दोन्ही हात पुढे करा आणि विचारा, आजी, अजिबात नाही म्हणजे शून्य आणि सहनच होत नाही म्हणजे दहाही बोटं, आता किती बोटं दुखतंय? मग जरा खोकायला सांगा आणि परत विचारा, कारण पडून राहिल्यावर 2 असलेलं दुखणं खोकल्यावर 7 होतं आणि खरा आकडा तोच. लहान मुलांना चेहऱ्यांचा तक्ता दाखवा, बोलू न शकणाऱ्याच्या कपाळावरच्या आठ्या आणि कण्हणं बघा.

आता वेळ. ड्रेसिंग, स्पंजिंग, फिजिओ, पहिल्यांदा उभं करणं, हे सगळं दुखणारं काम डोसनंतर करायचं. गोळी असेल तर साधारण तासभर आधी, शिरेतून द्यायची पॅरासिटामॉलची 1 ग्रॅमची बाटली असेल तर ती 15 मिनिटं चालते, ती संपून थोडा वेळ जाऊ द्या. ऑर्डर 'गरज लागल्यास' अशी असेल तर राउंडलाच डॉक्टरांना सांगून वेळेप्रमाणे करून घ्या. मोठ्या माणसाला 24 तासांत 4 ग्रॅमच्या वर पॅरासिटामॉल नाही, 50 किलोच्या आतल्याला किंवा लिव्हरचा त्रास असणाऱ्याला त्याहून कमी. आणि नातेवाइकांना जरूर विचारा, पिशवीतली डोलो (तीही पॅरासिटामॉलच) गुपचूप दिली नाही ना (देतात हो!). डायक्लोफिनॅकच्या आधी किडनी, दमा, अल्सर विचारा. मॉर्फिन, ट्रामाडॉल असेल तर डोसच्या आधी आणि नंतर श्वास पूर्ण मिनिटभर मोजा, 10 च्या खाली आला किंवा पेशंट हाक मारून नीट जागा होत नसेल तर पुढचा डोस थांबवून लगेच डॉक्टरांना बोलवा.

डोस दिला, चार्टवर टिक मारली, विषय संपला, हे आपल्याकडे सर्रास चालतं. शिरेतून दिलं असेल तर अर्ध्या तासात आणि गोळी दिली असेल तर तासाभराने परत बोटं विचारा आणि तो आकडा लिहा.

प्रत्येक वेळी औषधच लागतं असंही नाही. युरिन बॅगची नळी वाकून ब्लॅडर भरलं असेल तरी पोट भयंकर दुखतं, आधी ते बघा. पोटाच्या टाक्यांवर उशी दाबून धरून खोकायला शिकवा, गुडघ्याखाली उशी द्या, बर्फ कापडात गुंडाळून 15-20 मिनिटं.

एक मात्र पक्कं लक्षात ठेवा, प्लास्टर घातलेला पेशंट औषध देऊनही दुखणं वाढतंय म्हणाला, बोटं हलकेच सरळ केली की ओरडला, मुंग्या सांगितल्या, तर "सहन करा" नाही आणि नुसतं इंजेक्शनही नाही. प्लास्टर आत आवळतंय असं समजून तिथल्या तिथे डॉक्टरांना फोन, रात्रीचे तीन वाजले असले तरी.

आता आपलं. औषध लागू झालेला पेशंट स्वतः गुडघा दुमडतो, कठडा धरतो, निम्मं काम तोच करतो. तरी बेड आधी कंबरेच्या उंचीला आणा, हँडल फिरवायचा कंटाळा नको. खाली ड्रॉ शीट (पेशंटच्या अंगाखालची आडवी चादर), दोघं जण, एक दोन तीन म्हणून एकदम, गुडघे वाकवून, आणि वळायचं पायांनी, कंबर पिळून नाही. अमेरिकेतली निऑश ही संस्था पेशंट हाताने उचलताना 35 पौंड, म्हणजे साधारण 16 किलोची मर्यादा सांगते, इथे आपण अख्खा माणूस एकट्याने वर सरकवतो. मावशी-मामांना हाक मारायला लाजू नका. पाणी प्या, लघवी रोखू नका, नाईटला नुसत्या चहा-बिस्किटावर राहू नका, डबा खा.

आणि हँडओव्हरमध्ये दोन ओळी वाढवा: कोणाला शेवटचा डोस किती वाजता दिला आणि आकडा कितीवर आला, आणि स्टाफपैकी आज कोणाची कंबर धरलीय. तिला जड पेशंटचे बेड देऊ नका, औषधांची ट्रॉली द्या.