टोइंगच्या ट्रकचा क्लच: गिअरबॉक्स उतरवण्याआधीची तयारी

गिअरबॉक्स एकदा खाली उतरला की ट्रक चालवून बघायची सोय संपते. म्हणून बाहेरून कळण्यासारखं जे काही आहे, ते आधीच कळून घ्यायचं. एक वही घ्या आणि पहिल्याच ओळीत लिहा: क्लच पकडत नाही, की सोडत नाही? हे दोन वेगळे आजार आहेत. पकडत नसेल तर इंजिनाचे फेरे वाढतात, पण ट्रकचा वेग वाढत नाही. सोडत नसेल तर पेडल तळाला टेकवूनही गिअर खरखरतो किंवा पडतच नाही. ‘क्लच गेलाय’ एवढं ऐकून पाना हातात घेऊ नका.

त्यानंतर जो ट्रक चालवतो त्याच्याशी बसून बोला. ही पायरी सगळ्यात जास्त टाळली जाते आणि सगळ्यात जास्त माहिती हिच्यातूनच मिळते. त्रास रिकाम्या ट्रकलाही होतो, की ट्रेलर जोडल्यावरच? सकाळी थंड असताना होतो, की चढ संपता संपता? जळका वास कधी आला? चढावर थांबताना हँडब्रेक लावतो, की हाफ क्लचवर गाडी धरून ठेवतो? आणि ट्रेलर जागेवरून कोणत्या गिअरमध्ये उचलतो? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ठळक लिहून ठेवा. सपाट रस्त्यावर इंजिनाचे फेरे कायम ठेवून गाडी उचलली, तर क्लच पूर्ण पकडेपर्यंत गाडीला जेवढी गतिज ऊर्जा मिळते, साधारण तेवढीच ऊर्जा क्लचमध्ये उष्णता होऊन जाते. ट्रकच्याच वजनाचा ट्रेलर मागे लावला की ही उष्णता दुप्पट. पहिल्या गिअरमध्ये क्लच ताशी ८ किलोमीटरला पूर्ण पकडत असेल आणि दुसऱ्यात १४ ला, तर दुसऱ्यात उचलताना उष्णता तिपटीवर जाते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. चढावर तर यात आणखी भर पडते. क्लचची प्लेट (घर्षणाने पकड घेणारी चकती) लवकर का जळाली, याचं उत्तर बऱ्याचदा इथेच सापडतं.

आता जागा आणि सामान. ट्रक सपाटीवर लावा, ट्रेलर सोडा, चाकांना ठोकळे लावा. टॉर्च, फूटपट्टी, स्वच्छ फडकं, हातमोजे आणि पेडल दाबायला एक माणूस, एवढं पुरे. पेडलखालचा पायपुसणा आधी बाहेर काढा. तो गोळा होऊन पेडलखाली अडकला तरी क्लच पुरता सुटत नाही, आणि एवढ्याशा कारणासाठी गिअरबॉक्स उतरवला गेला तर फार वाईट वाटतं.

क्लच हायड्रॉलिक (द्रवाच्या दाबाने चालणारा) असेल तर टाकीतल्या द्रवाची पातळी आणि रंग बघा. झाकणावर डॉट ३ लिहिलंय की डॉट ४ (हे ब्रेक फ्लुइडचे प्रकार), तेही बघा. ब्रेक फ्लुइडच्या जागी खनिज तेल पडलं तर रबरी सील फुगतात. केबिनमध्ये पेडलच्या दांड्याशी ओल असेल तर मास्टर सिलिंडर (पेडलने द्रवाला दाब देणारा) गळतोय, खाली गिअरबॉक्सच्या बाजूला असेल तर स्लेव्ह सिलिंडर (त्या दाबाने क्लच सोडवणारा). पेडल दोन-तीनदा मारल्यावर गिअर नीट पडत असेल तर लाइनमध्ये हवा आहे किंवा मास्टर सिलिंडर दाब धरत नाही. प्लेटला दोष देऊ नका. केबल किंवा दांड्याचा क्लच असेल तर पेडलचा फ्री प्ले (क्लचवर दाब येण्याआधीची पेडलची मोकळी हालचाल) फूटपट्टीने मोजा आणि पुस्तिकेतल्या आकड्याशी ताडून बघा. फ्री प्ले उरलाच नसेल तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं बेअरिंग) कायम दाबाखाली राहतं आणि क्लच घसरू लागतो. हवेच्या मदतीने चालणारा क्लच असेल तर टाकीत दाब पूर्ण भरल्याशिवाय काहीच तपासू नका.

बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्समधलं क्लचचं आवरण) तळाशी बोट फिरवा. तेल लागलं तर ते इंजिनाचं की गिअरबॉक्सचं हे ओळखा. गिअर ऑइलचा उग्र वास सहसा लपत नाही. क्रँकचा (इंजिनाच्या मुख्य शाफ्टचा) मागचा सील गळत असेल आणि तसाच राहिला, तर नवी प्लेटही तेलात भिजेल आणि उचलताना ट्रक थरथरेल. थरथर आहे पण तेल कुठेच नाही, असं असेल तर इंजिन-गिअरबॉक्सचे माउंटिंग (ते ज्यांवर बसतात ते आधार) आधी हलवून बघा.

आवाजासाठी ट्रक न्यूट्रलमध्ये चालू ठेवा. पेडल दाबताच आवाज सुरू झाला तर संशय रिलीज बेअरिंगवर. दाबताच बंद झाला तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या (क्लचमधून गिअरबॉक्समध्ये जाणारा दांडा) बेअरिंगवर.

क्लच सोडतो की नाही हे बघायला पेडल पूर्ण दाबा, दहा अंक मोजा आणि रिव्हर्स टाका. खरखर झाली तर इनपुट शाफ्ट अजून फिरतोय, म्हणजे क्लच पुरता सुटत नाही. पकड बघायची असेल तर मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये, कमी फेऱ्यांवर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. फेरे उडी मारून वर गेले आणि वेग तिथेच राहिला, तर क्लच घसरतोय. फेरे आणि वेग दोन्ही रेंगाळले तर क्लच ठीक आहे. टर्बो, डिझेल फिल्टर, हवेची नळी बघा. हँडब्रेक लावून वरच्या गिअरमध्ये क्लच सोडायची चाचणी करायचीच असेल तर एकदाच करा, समोर कुणी उभं नको. इंजिन लगेच बंद पडायला हवं. पुन्हा पुन्हा केली तर धडधाकट प्लेटही भाजून निघते.

ट्रेलरला विसरू नका. थोडं अंतर ओढून थांबा आणि प्रत्येक चाकाच्या हबजवळ हात नेऊन धग बघा, हात टेकवू नका. एखादं चाक इतरांपेक्षा तापलं असेल तर त्याचा ब्रेक चिकटतोय किंवा बेअरिंग जातंय. ब्रेक चिकटत असेल तर क्लच गाडी उचलताना दर वेळी त्या ब्रेकशीही झुंजतोय.

एवढ्यावर दोष क्लचच्या आतच ठरला तरच गिअरबॉक्स उतरवा. प्लेट, प्रेशर प्लेट (प्लेटला दाबून धरणारा भाग) आणि रिलीज बेअरिंग एकत्रच मागवा. फ्लायव्हीलवर (इंजिनाचं जड चाक, ज्यावर प्लेट टेकते) निळे डाग किंवा भेगा आहेत का ते उघडल्यावर बघायचं आहे, हेही वहीत लिहा. आतली धूळ हवेने उडवू नका, प्लेटच्या जुन्या लायनिंगमध्ये (घर्षणाच्या थरात) ॲसबेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा. आणि ट्रकच्या मालकाला काम सुरू करण्याआधीच सांगा की नवी प्लेट बसल्यावर पहिले काही शे किलोमीटर ट्रेलर जोडायचा नाही. त्यामुळे ओढायची कामं कधीची घ्यायची, हे त्याला आत्ताच ठरवता येईल.